गादीच्या आत काय आहे, हे उत्पादकाने स्पष्ट का सांगावे?

चौकस

नवी गादी घ्यायची म्हणून गेले काही दिवस निरनिराळ्या उत्पादकांची माहितीपत्रके वाचत आहे, आणि जितके अधिक वाचावे तितके कमी समजते, अशी अवस्था झाली आहे. एका गादीला ‘मेमरी फोमची गादी’ म्हटले आहे, परंतु तो फोम, म्हणजे अंगाच्या दाबाने हळूहळू दबून अंगाचा आकार घेणारा फोम, फक्त वरच्या दोन सेंटीमीटरांत आहे की संपूर्ण जाडीत, याचा कोठेही उल्लेख नाही. दुसरीचे वर्णन ‘नैसर्गिक लेटेक्स’ असे आहे. त्यात झाडाच्या चिकाचा वाटा किती आणि कारखान्यात तयार केलेल्या कृत्रिम रबराचा किती, असे विचारल्यावर विक्रेत्याने ‘माल उत्तम प्रतीचा आहे’ एवढेच उत्तर दिले. तिसऱ्या उत्पादकाने प्रत्येक थराला स्वतःचे असे एक भारदस्त नाव दिले आहे आणि ती सगळी नावे वाचूनही आत फोम आहे, काथ्या आहे की आणखी काही, याचा अंदाज लागत नाही.

माझ्या एका परिचितांचे म्हणणे असे, की पाठ दुखत नाही आणि झोप लागते एवढे पाहावे. आत काय भरले आहे याची चौकशी करून आपण काय करणार? हे वरवर पटण्यासारखे आहे. परंतु गादीची खोळ उसवून आत पाहण्याची सोय दुकानात नसते आणि घरीही नसते, कारण खोळ उघडली की बहुधा हमी रद्द होते. अशा वस्तूच्या बाबतीत उत्पादक जे सांगेल त्यावर विसंबण्यावाचून ग्राहकाला पर्याय राहत नाही, आणि म्हणूनच त्याच्या मोघम बोलण्याकडे दुर्लक्ष करणे मला जड जाते.

जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. सामग्रीविषयी मोघम किंवा अर्धवट माहिती दिल्याने ग्राहकाचे नेमके कोणते नुकसान होते? आणि उत्पादकाने किमान काय सांगितले म्हणजे त्याने खरी माहिती दिली असे मानता येईल?

फेनिल

नोकरीनिमित्त माझा संबंध फोमच्या ठोकळ्यांशी येतो, तयार गाद्यांच्या विक्रीशी नाही. त्यामुळे मी फोमपुरतेच बोलतो.

आजच्या बहुसंख्य गाद्यांत ज्याला नुसते ‘फोम’ म्हणतात, तो पॉलियुरेथेन असतो. या पदार्थाचे रसायनशास्त्र ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीत मांडले. पॉलिऑल आणि डायआयसोसायनेट ही दोन द्रव्ये एकत्र आली की पॉलिमर तयार होतो, आणि मिश्रणात मुद्दाम घातलेल्या पाण्याची आयसोसायनेटशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्या वायूच्या बुडबुड्यांमुळे मिश्रण फुगून ठोकळा बनतो. म्हणजे फोमच्या ठोकळ्यात बरीचशी हवा असते आणि उरलेला भाग म्हणजे त्या हवेभोवतीचे जाळे. ते जाळे किती भरीव आहे हे घनता सांगते. ३२ घनतेचा फोम म्हणजे एका घनमीटरमध्ये ३२ किलो फोम. गादी किती वर्षे टिकेल, तिच्यात खड्डा कधी पडेल, हे इतर कशाहीपेक्षा या आकड्यावर जास्त अवलंबून असते.

आता खरी मेख पाहा. हाताने दाबून किंवा अंग टेकून आपल्याला जे कळते ती घनता नसते, तो कडकपणा असतो, आणि या दोन गोष्टी एकमेकींवर फारशा अवलंबून नाहीत. मिश्रणातील घटकांचे प्रमाण बदलून कमी घनतेचा फोम कडक करता येतो आणि जास्त घनतेचा फोम मऊ करता येतो. त्यामुळे दुकानात दोन गाद्यांवर बसून पाहणाऱ्या ग्राहकाला त्या सारख्याच वाटू शकतात, आणि तरीही एकीचा गाभा दोन वर्षांत दबतो व दुसरीचा आठ-दहा वर्षे तग धरतो. जी गोष्ट अंगाला कळत नाही, डोळ्यांना दिसत नाही आणि जिचा परिणाम पैसे चुकते केल्यानंतर बऱ्याच काळाने दिसतो, नेमकी तीच गोष्ट उत्पादकाला पहिल्या दिवसापासून आकड्यात माहीत असते. आपल्या परिचितांचे उत्तर येथे अपुरे पडते. झोप चांगली लागते की नाही हे पहिल्या महिन्यात कळेल, पण गादीची किंमत आपण पहिल्या महिन्यापुरती देत नाही.

यावर कोणी म्हणेल की घनता विचारून घ्यावी, म्हणजे झाले. तसेही होत नाही. फोमच्या मिश्रणात खडूची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मिसळता येते. ती स्वस्त असते, जड असते आणि ती मिसळल्यावर ठोकळ्याची घनता कागदावर वाढते. मात्र त्या भुकटीने जाळ्याला बळ मिळत नाही, उलट फोम लवकर फाटतो आणि दबल्यानंतर पूर्वपदावर येण्याची त्याची शक्ती कमी होते. अशा वेळी उत्पादकाने ‘४०’ हा आकडा सांगितला तर त्याने खोटे सांगितले असे म्हणता येत नाही, कारण तराजूवर तो आकडा खरा ठरतो. माझ्या मते या व्यवसायातील सर्वांत त्रासदायक अप्रामाणिकपणा उघड असत्यात नसतो; तो अशा अर्धवट खरेपणात असतो, जेथे सांगितलेला प्रत्येक शब्द सिद्ध करता येतो आणि ग्राहकाची समजूत मात्र चुकीची होते.

रिबॉन्डेड फोमचेही तसेच आहे. फोम कापताना उरलेले तुकडे बारीक करून, त्यांना चिकटद्रव्य लावून, वाफ आणि दाब देऊन पुन्हा ठोकळा बनवतात. त्याची घनता ८० किंवा १०० असू शकते आणि गादीच्या तळाला कडक आधार म्हणून तो उपयोगी पडतो. त्यात लपवण्यासारखे काही नाही. परंतु हाच आकडा नव्या फोमच्या ३२ किंवा ४० शेजारी मांडून ‘अडीच पट दर्जेदार’ असे सुचवणे ही शुद्ध दिशाभूल आहे, कारण या दोन पदार्थांत घनतेवरून तुलना होऊच शकत नाही. शिवाय ते तुकडे कोठून आले हेही सांगायला हवे. कारखान्यातील नवी कात्रणे वेगळी आणि जुन्या फर्निचरमधून काढलेला फोम वेगळा. पूर्वी लवचिक फोममध्ये पेंटाब्रोमोडायफेनिल ईथर या गटातील ज्वालारोधक रसायने वापरली जात. ती पर्यावरणात दीर्घकाळ टिकतात आणि सजीवांच्या शरीरात साठतात, म्हणून २००९ मध्ये अशा घातक, चिवट रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत त्यांचा समावेश झाला. जुना फोम भरडून नवा ठोकळा केला की ही रसायने त्याच्यासोबत नव्या वस्तूत येतात.

मेमरी फोमविषयी एक जाता जाता. या फोमचा उगम १९६६ मध्ये नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी चार्ल्स योस्ट यांनी विमानातील आसनांकरिता केलेल्या कामात आहे, ही गोष्ट खरी आहे. परंतु माहितीपत्रकावर अंतराळवीराचे चित्र छापल्याने तुमच्या गादीतील थराची जाडी आणि घनता कळत नाही, आणि कळायला हव्यात त्या याच दोन गोष्टी. ५० घनतेचा आणि ८० घनतेचा मेमरी फोम टिकाऊपणात, आधार देण्यात आणि किमतीत बराच वेगळा असतो.

‘आमचे सूत्र गोपनीय आहे’ हे उत्तर तुम्हाला मिळेल, म्हणून त्याविषयीही लिहून ठेवतो. कोणता उत्प्रेरक, कोणत्या तापमानाला, किती प्रमाणात घातला, हे सूत्र आहे आणि ते कोणी कोणाला सांगू नये, हे मला मान्य आहे. थरात पॉलियुरेथेन आहे, त्याची जाडी पाच सेंटीमीटर आहे, घनता ४० आहे आणि त्यात खनिज भर नाही, या माहितीवरून कोणताही प्रतिस्पर्धी तुमचा फोम बनवू शकणार नाही. तसेही प्रतिस्पर्ध्याला तुमची गादी विकत घेऊन कापता येतेच. म्हणजे गोपनीयतेच्या नावाखाली माहिती दडते ती एकट्या ग्राहकापासून.

जुना विक्रेता

फेनिल यांचे तांत्रिक विवेचन योग्य आहे, परंतु सगळा दोष उत्पादकाच्या माथी मारणे मला पटत नाही. मी अनेक वर्षे गाद्यांची विक्री केली आहे. ग्राहक येतो, दोन-तीन गाद्यांवर बसतो, कडेला हात दाबून पाहतो, जाडी किती हे विचारतो आणि मग भावाकडे वळतो. घनता किती आहे असे विचारणारा ग्राहक क्वचितच भेटतो, आणि आकडा सांगितला तरी तो चांगला की वाईट हे ठरवण्याइतकी माहिती त्याच्यापाशी नसते.

अशा बाजारात एखाद्या उत्पादकाने सचोटीने ‘मेमरी फोम ३ सेंटीमीटर, त्याखाली साधा फोम १२ सेंटीमीटर’ असे छापले आणि शेजारच्या गादीवर फक्त ‘मेमरी फोम, १५ सेंटीमीटर’ असे छापलेले असले, तर ग्राहक दुसरी गादी उचलतो. दोन्ही गाद्यांच्या आतला माल एकच असू शकतो, तरी ज्याने खरे सांगितले त्याचाच माल कमी प्रतीचा वाटतो. पुढच्या हंगामात पहिला उत्पादकही थरांची जाडी छापणे बंद करतो, आणि त्यासाठी मी त्याला अप्रामाणिक म्हणणार नाही, कारण त्यालाही कामगारांचे पगार द्यायचे असतात. चांगला फोम वापरणारा पुढे जाऊन स्वस्त फोमकडे वळतो तोही याच कारणाने, कारण चांगल्या फोमसाठी त्याने मोजलेले जादा पैसे ग्राहकाला कोठेच दिसत नाहीत.

म्हणून एकट्यादुकट्या उत्पादकाने प्रामाणिक व्हावे, असे सांगून काही साधणार नाही असे माझे मत आहे. सर्वांनी एकाच नमुन्यात माहिती छापावी असा नियम झाला, तरच खरे सांगणाऱ्याचे नुकसान थांबेल.

हमीविषयी एक गोष्ट चौकस यांच्या उपयोगी पडेल. हमीपत्रात दहा वर्षे असे लिहिलेले असले, तरी गादीवर कोणी झोपलेले नसताना खड्ड्याची खोली साधारण अडीच ते चार सेंटीमीटरांपेक्षा अधिक भरली तरच दोष मान्य करतात, आणि ‘गादी मऊ पडली’ ही तक्रार सहसा हमीत बसत नाही. हलक्या फोमची गादी अनेकदा त्या मर्यादेच्या थोडी आत राहून निरुपयोगी होते. तेव्हा हमीची वर्षे पाहून सामग्रीचा दर्जा ताडू नये.

गवतफूल

वरील चर्चा टिकाऊपणाभोवती फिरत आहे आणि ती आवश्यकच आहे. परंतु सामग्री लपवल्याने होणारे काही नुकसान पैशांत मोजण्यासारखे नसते. मी रुग्णसेवेच्या क्षेत्रात काम करते, म्हणून त्या बाजूने लिहिते.

लेटेक्सचे उदाहरण घ्या. नैसर्गिक रबराच्या चिकात प्रथिने असतात आणि काही व्यक्तींना त्यांची तीव्र ॲलर्जी असते. फोम तयार करताना तो धुतल्याने या प्रथिनांचे प्रमाण बरेच घटते, तरी अशा व्यक्तीला आपल्या अंथरुणात नैसर्गिक लेटेक्स आहे की नाही हे ठाऊक असणे गरजेचे आहे. कृत्रिम रबरात ही प्रथिने नसतात. दुसऱ्या प्रकारची ॲलर्जी रबर पक्के करताना वापरल्या जाणाऱ्या थायुराम, कार्बामेट यांसारख्या रसायनांमुळे त्वचेवर उमटते, आणि ती रसायने नैसर्गिक व कृत्रिम अशा दोन्ही रबरांत असू शकतात. म्हणजे ‘नैसर्गिक’ हा शब्द वाचून एक ग्राहक निर्धास्त होतो आणि दुसऱ्याने त्याच शब्दापाशी थांबून चौकशी करायला हवी असते. मिश्र लेटेक्सवर नैसर्गिक असा शिक्का मारला, किंवा स्वस्त फोमच्या गादीत मध्येच लेटेक्सचा पातळ थर घालून त्याचा उल्लेख टाळला, तर दोघांचीही फसगत होते. लोकर आणि पिसे यांच्या बाबतीतही सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण मुद्दा तोच असल्याने विस्तार करत नाही.

याहून गंभीर प्रकरण काचतंतूंचे आहे. अमेरिकेत १ जुलै २००७ पासून गाद्यांना उघड्या ज्योतीची चाचणी लागू झाली. या चाचणीत ३० मिनिटांच्या कालावधीत उष्णता बाहेर टाकण्याचा वेग २०० किलोवॉटच्या वर जाता कामा नये आणि पहिल्या १० मिनिटांत एकूण उष्णता १५ मेगाज्यूलच्या आत राहावी लागते. पॉलियुरेथेन भरभर पेटतो, त्यामुळे ही अट रास्त आहे. ती पूर्ण करण्याचे अनेक मार्ग आहेत: लोकर, विशिष्ट प्रकारचा रेयॉन, मोडॲक्रिलिक तंतू, आणि सर्वांत स्वस्त मार्गांपैकी एक म्हणजे काचेच्या तंतूंचे विणलेले आतले आवरण. आग लागली की त्याभोवतीचे इतर तंतू जळून काळे होतात, काचेचा सांगाडा मात्र तसाच उभा राहतो आणि ज्वाळांना फोमपर्यंत पोहोचू देत नाही. हे आवरण अखंड असेपर्यंत वापरणाऱ्याला त्याचा उपद्रव होत नाही.

उपद्रव सुरू होतो तो बाहेरची खोळ काढल्यावर. काही गाद्यांच्या खोळीला चेन असते. चेन दिसली की खोळ धुण्यासाठी काढायची आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. खोळ निघाली की काचेचे सूक्ष्म तंतू कपड्यांत, अंथरुणात, पडद्यांत आणि हवा खेळवणाऱ्या यंत्रणेत पसरतात. त्वचेला खाज सुटते, डोळे चुरचुरतात, श्वसनमार्गाचा दाह होतो, आणि घर पूर्ण साफ करणे अतिशय खर्चिक ठरते. लेबलवर कोठेतरी बारीक अक्षरांत ‘खोळ काढू नये’ असे छापलेले असते, पण का काढू नये हे सांगितलेले नसते. ‘आत काचेचे तंतू आहेत’ हे शब्द ठळक छापले असते तर बहुतेकांनी ती चेन उघडलीच नसती. कॅलिफोर्निया राज्याने २०२३ मध्ये कायदा करून १ जानेवारी २०२७ पासून काचतंतू असलेल्या गाद्यांच्या विक्रीला मनाई केली आहे. माझ्या मते येथे काचेइतकाच दोष मौनाचाही आहे.

कागदवाचक

चौकस यांनी प्रमाणपत्रांविषयी विचारलेले नाही, परंतु माहितीपत्रके वाचताना ती त्यांच्यासमोर येणारच, म्हणून लिहितो. प्रमाणपत्र खरे असूनही ते वापरण्याची रीत दिशाभूल करणारी असू शकते.

‘सर्टीप्युअर-यूएस’ हे चिन्ह फक्त पॉलियुरेथेन फोमसाठी आहे. काही ठरावीक ज्वालारोधके, जड धातू, फॉर्माल्डिहाइड इत्यादी न वापरता फोम बनवला आहे आणि त्यातून बाहेर पडणारी बाष्पनशील सेंद्रिय संयुगे (म्हणजे सहज हवेत मिसळणारी कार्बनयुक्त रसायने; सेंद्रिय शेतीशी त्यांचा संबंध नाही) दशलक्ष भागांत ०.५ भागापेक्षा कमी आहेत, एवढे ते सांगते. खोळ, चिकटद्रव्य, आगरोधक आवरण यांविषयी ते काहीही सांगत नाही. तरी चिन्ह संपूर्ण गादीवर लावलेले दिसते. ‘ओइको-टेक्स स्टँडर्ड १००’ हे अंतिम वस्तूतील अपायकारक पदार्थांची चाचणी करते आणि त्यात तीन वर्षांखालील मुलांच्या वस्तूंसाठी सर्वांत कडक असा पहिला वर्ग आहे, परंतु वस्तू सेंद्रिय शेतीतून आलेल्या मालाची आहे असा त्याचा अर्थ होत नाही. तो अर्थ कापूस व लोकर यांच्यासाठी ‘गॉट्स’ आणि लेटेक्ससाठी ‘गोल्स’ या मानकांतून मिळतो. ‘गॉट्स’मध्ये ‘सेंद्रिय’ म्हणवून घेण्यासाठी किमान ९५ टक्के आणि ‘सेंद्रिय तंतू वापरून केलेले’ या खालच्या श्रेणीसाठी किमान ७० टक्के तंतू सेंद्रिय असावे लागतात. मग एखादा उत्पादक फक्त खोळीच्या कापसाचे प्रमाणपत्र मिळवतो आणि जाहिरातीत ‘सेंद्रिय गादी’ असे लिहितो. आतला पंधरा सेंटीमीटरांचा पेट्रोलियमजन्य फोम जणू त्या गादीचा भागच नाही.

हे काल्पनिक नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ मध्ये तीन गादी उत्पादकांवर कारवाई केली होती. त्यांनी गाद्यांतून बाष्पनशील संयुगे बाहेर पडत नाहीत असा दावा केला होता आणि त्यासाठी पुरेसा शास्त्रीय आधार नव्हता. त्यांपैकी एकाने तर जे मानचिन्ह छापले होते, ते देणारी संस्था त्या उत्पादकापासून वेगळी नव्हतीच. २०१७ मध्ये त्याच आयोगाने तान्ह्या मुलांच्या गाद्या बनवणाऱ्या एका कंपनीवर कारवाई केली, कारण ‘सेंद्रिय’ म्हणून विकलेल्या गाद्यांतील बहुतांश सामग्री सेंद्रिय नव्हती आणि वनस्पतिजन्य म्हणून जाहिरात केलेल्या फोममध्ये वनस्पतींचा अंश थोडाच होता. आई-वडील ज्या एका खरेदीत किमतीकडे सर्वांत कमी पाहतात, तेथेच ही चलाखी झाली. तिला माझ्याकडे सौम्य शब्द नाही.

जुना विक्रेता यांच्या सूचनेशी मी सहमत आहे, मात्र नियमाचा मसुदाही नीट हवा. अमेरिकेतील राज्यांच्या कायद्यांनुसार गादीच्या लेबलवर आतील सामग्री वजनाच्या टक्केवारीत छापावी लागते, म्हणजे ‘पॉलियुरेथेन फोम ८० टक्के, पॉलिएस्टर तंतू २० टक्के’ अशा स्वरूपात. ही माहिती खरी असते, परंतु तो फोम कोणत्या घनतेचा आणि कोणत्या थरात किती आहे, हे त्यावरून समजत नाही. फेनिल यांनी वर्णन केलेली चांगली आणि वाईट अशा दोन्ही गाद्यांची लेबले अक्षरशः सारखी असू शकतात.

वळणवाट

गादीचे आयुष्य संपल्यावर ती मोडणाऱ्यांचाही विचार व्हावा. पुनर्वापर केंद्रात स्प्रिंगचे पोलाद, फोम, कापूस आणि लाकूड हाताने वेगळे केले जाते. आत काय आहे याची नोंद नसेल, तर काचतंतूंचे आवरण असलेली गादी चाकूने फाडणारा कामगार ती धूळ थेट श्वासावाटे घेतो, आणि थर एकमेकांना कशाने चिकटवले आहेत हे माहीत नसल्याने चांगला फोमही कचऱ्यात जातो. उत्पादकाचे लेबल ग्राहकाच्या हातून सुटल्यावरही कोणाला तरी वाचायचे असते, एवढेच मला नोंदवायचे आहे.

चौकस

सर्वांचे आभार. माझ्या पहिल्या प्रश्नाला अपेक्षेपेक्षा अधिक सविस्तर उत्तर मिळाले. जुना विक्रेता यांचा आक्षेप मी नाकारत नाही. तथापि ग्राहक विचारत नाही म्हणून उत्पादक सांगत नाही आणि उत्पादक सांगत नाही म्हणून काय विचारावे हे ग्राहकाला कळत नाही, या फेऱ्यात पहिले पाऊल कोणी टाकावे असा प्रश्न केला, तर ज्याच्याकडे माहिती आहे त्यानेच ते टाकावे, असे मला वाटते.

फेनिल यांना एक पुरवणी प्रश्न. नियम होईपर्यंत माझ्यासारख्याने काय करावे? उत्पादकाने घनता सांगितली, तर ती खरी आहे आणि खडू मिसळून वाढवलेली नाही, याची खातरजमा गादी न कापता करता येते का?

फेनिल

पहिला भाग सोपा आहे. गादीचे वजन आणि मापे यांवरून ढोबळ हिशेब करता येतो. समजा, फोमचा गाभा २ मीटर लांब, १.५ मीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर जाड आहे. त्याचे आकारमान ०.४५ घनमीटर होते. घनता खरोखर ४० असेल तर गाभ्याचे वजन १८ किलो भरायला हवे, आणि २४ असेल तर ते ११ किलोंच्याही खाली येईल. खोळ व अस्तर यांचे वजन त्यात वेगळे मिळवावे लागेल, पण सात किलोंचा फरक त्यात लपत नाही. थर अनेक असतील तर प्रत्येकाचा हिशेब वेगळा करून बेरीज करावी. उत्पादकाने जाडी आणि घनता थरागणिक सांगितली नसेल तर हा हिशेब मांडताच येत नाही, आणि ती माहिती मागण्याचे तेही एक कारण आहे.

दुसरा भाग घरी होण्यासारखा नाही. खडू मिसळलेला फोम वजनात बरोबर उतरतो, म्हणून वरील हिशेबाला तो सहज चकवतो. प्रयोगशाळेत नमुना पूर्ण जाळून उरलेली राख तोलतात. शुद्ध पॉलियुरेथेनची राख नगण्य असते आणि खनिज भर घातलेल्या फोमची भरपूर. ही चाचणी फोम पुरवणाऱ्याकडे झालेली असते किंवा करून घेता येते, त्यामुळे गादी उत्पादकाकडे त्या ठोकळ्याच्या चाचणीचा कागद मागणे गैर नाही. निदान पावतीवर चार गोष्टी लिहून घ्याव्यात: प्रत्येक थर कशाचा आहे, त्याची जाडी, त्याची घनता, आणि फोम नवा व खनिज भर न घातलेला आहे असे विधान. लेटेक्स असेल तर नैसर्गिक आणि कृत्रिम रबराचे टक्के, आणि गवतफूल यांनी सांगितल्याप्रमाणे आगरोधक आवरण कशाचे आहे, हेही त्यातच यावे. तोंडी आश्वासनावर पुढे तक्रार करता येत नाही. पावतीवरील आकडा चुकीचा निघाला, तर गादीचा एक तुकडा आणि ती पावती प्रयोगशाळेच्या अहवालासह ग्राहक न्यायालयापुढे ठेवता येते.